आप

आमच्या घरी सालदाराला सगळे ‘अरे’ म्हणत. आजोबा म्हणत, वडील म्हणत, आणि त्यांचं ऐकून सहा-सात वर्षांचा मीही म्हणे. तो मात्र स्वतःच्या बायकोला ‘आप’ म्हणायचा. दुपारी ती भाकरी घेऊन बांधावर आली की, ‘आप बसा, आप पाणी प्या.’ आम्हा पोरांना हसू आवरत नसे. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं आणि बोलणं तहसीलदारासारखं! एकदा आजीसमोर मी त्याची नक्कल केली. आजी हसली नाही. हातातली चाळणी खाली ठेवून म्हणाली, “त्या शब्दापायी त्यानं काय सोडलंय, ते तुला ठाऊक नाही.”

शहादा तालुक्यातलं, तापीच्या बाजूचं आमचं गाव. तेव्हा जिल्हा धुळे होता. नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ साली. आजीच्या तरुणपणी तर याला पश्चिम खानदेशच म्हणत. काळी जमीन आमच्यासारख्यांची आणि तिच्यात राबणारे हात भिल्लांचे, अशी सरळ वाटणी. पाडव्याला सालदार ठरायचा. वर्षाचं धान्य, थोडे पैसे, एक घोंगडी. आजी सांगायची, की तिच्या सासऱ्यांच्या काळात या यादीत आणखी एक गोष्ट असायची. सुगीत मळणी रात्री लांबली की माणसांना दारू पाजायची. ते पैसे नंतर सालदाराच्याच नावावर मांडले जायचे. वहीत ‘दारू’ असा शब्द नसे, ‘किरकोळ’ असा असे. ती वही मी पुढं पाहिली. दर पानावर ‘किरकोळ’ होतं, आणि शेवटच्या पानावर एका माणसाची अडीच एकर जमीन.

त्या रात्री ओट्यावर आजीनं सांगितलं ते तिच्या बोलीत होतं. मी माझ्या भाषेत लिहितो.

तळोदे तालुक्यात मोरवड नावाचं गाव आहे, त्याला रंजनपूरही म्हणतात. तिथले गुलाम महाराज भिल्ल समाजातलेच. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या माणसांना सांगायला सुरुवात केली : दारू सोडा, रोज आंघोळ करा, चोरी करू नका, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. सोमवारी आरती व्हायची. ज्या माणसाला जन्मभर कोणी ‘अरे’च्या वर चढवलं नव्हतं, त्याला शेजारी ‘आप’ म्हणू लागला, बायको म्हणू लागली, पोरं म्हणू लागली. आजी म्हणायची, सोमवार आला की पहाटेपासून पायवाटा भरून जात. बाया, बाप्ये, कडेवर लेकरं, सगळे डोंगराच्या बाजूला निघालेले. आमचा सालदार तेव्हा वीस वर्षांचा होता. रोज पिणारा, प्यायला की बायकोला मारणारा. एका सोमवारी तो गेला आणि परत आला तो तिला ‘आप’ म्हणतच.

“मग आपल्या घरात सगळे खूश झाले असतील,” मी म्हणालो.

“खूश कुठले?” आजी म्हणाली. “तुझे पणजोबा चिडले. प्यालेला माणूस मजुरी विचारत नाही. शुद्धीवरचा विचारतो.”

गुलाम महाराज १९३८ साली गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढं नेलं. आरती पुष्कळ वर्षं चालली, ‘आप’ हा शब्द मात्र हळूहळू थोड्याच घरांत उरला. त्यांतलं एक घर आमच्या शेताच्या टोकाला होतं.

या सालदाराला मी पुढं ‘बाबा’ म्हणू लागलो, तेव्हा इथून पुढं बाबाच लिहितो. बाबांकडे आणखी जुनी गोष्ट होती, त्यांच्या आईनं सांगितलेली. बाबा चार-पाच वर्षांचे असताना पश्चिमेकडून देवी आली. तिचं नाव सलाबाई. ती मूर्तीत नव्हती, माणसांच्या अंगात यायची. मांडव पडे, लोक गोळा होत, अंगात आलेली बाई किंवा बाप्या घुमू लागे आणि देवीचा हुकूम सुटे : दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, मांस-मासळी सोडा, आंघोळ करून स्वच्छ राहा. लोकांनी कोंबड्या-बकऱ्या मिळेल त्या भावानं विकून टाकल्या. बाबांच्या आईनं दारू गाळायची मडकी स्वतःच्या हातानं ओढ्यात सोडली होती.

ही मला बरीच वर्षं म्हातारीची दंतकथा वाटायची. पुढं कळलं, की इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांना भेटून नेमकी हीच गोष्ट गोळा केली आणि १९८७ साली पुस्तक काढलं. देवी निघाली होती पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमधून. १९२२च्या नोव्हेंबरात ती सुरत जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत पोचली होती. तिथं लोकांनी दारूच्या दुकानदारांवर सरळ बहिष्कार टाकला. पुढं काही वर्षांत पुष्कळजण पुन्हा पिऊ लागले. न पिणारे आणि पुन्हा पिणारे असे गट पडले, त्यांना वेगळी नावंही मिळाली. तरी एका हंगामात हजारो माणसांनी एकाच वेळी दारू सोडली, आणि तीही कोणा सरकारच्या हुकमाशिवाय, हे घडलेलं खरंच.

मग ही दारू आली कुठून, हा प्रश्न मी बाबांना कॉलेजात असताना विचारला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पाऊस कुठून आला असं मी विचारलं होतं. महू तर होताच. चैत्राच्या आसपास पहाटे झाडाखाली फुलं पडायची, बाया टोपल्या भरायच्या, फुलं वाळवून, आंबवून, मडक्यातून धार काढली जायची. पहिला थेंब जमिनीला, वाडवडिलांना. आदिवासींच्या याहामोगी मातेची देवमोगऱ्याला महाशिवरात्रीला जत्रा भरते, तिथंही महूच्या दारूचा मान असतो. जन्म, लग्न, मरण, सण यांना दारू लागायची आणि त्यांच्याबरोबर संपायची. कारण मडकं घरचं आणि फुलं मोजकी.

हे मोडलं ते इंग्रजांच्या अबकारी कायद्यानं. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला, आणि घरी दारू गाळणं गुन्हा ठरला. गाळायचा हक्क सरकारमान्य भट्टीला, विकायचा हक्क मक्तेदाराला, आणि कर तिजोरीत. घरचं मडकं गेलं नि दुकान आलं. दुकानाला सण नसतो, ते रोज उघडं असतं, शिवाय उधारी देतं. उधारी फेडायला पैसा सावकाराचा. आमच्या घरातली ती ‘किरकोळ’ची वही याच साखळीतली एक कडी.

स्वातंत्र्य आलं तेव्हा पुढाऱ्यांना ही साखळी तोडायची होती. मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५०च्या एप्रिलपासून सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. हेतू खोटा नव्हता. पण आजी म्हणायची, “सरकारनं बाटली उचलली, माणूस तिथंच बसलेला ठेवला.” मांडव नव्हता, आरती नव्हती, त्याला ‘आप’ म्हणणारं कोणी नव्हतं. होता तो फौजदार. नदीच्या पात्रात हातभट्ट्या पेटल्या. काळा गूळ, नवसागर आणि कोणाला ठाऊक काय काय. ज्यांची ऐपत होती ते डॉक्टरकडून प्रकृतीसाठी दारू लागते असा दाखला घेत आणि परमिट काढत. ‘परमिट रूम’ ही पाटी आजही बारवर दिसते, ती तिथून आलेली. तो १९४९चा कायदा आजही रद्द झालेला नाही. कागदोपत्री महाराष्ट्रात पिणाऱ्याला अजून परवाना लागतोच.

आमच्या घरात ते परमिट काकांकडे होतं. वडिलांचे धाकटे भाऊ, गावातले पहिले बी. ए. सुंदर अक्षर, गोड गळा. सुरुवातीला महिन्यातून एकदा, धुळ्याला गेले की. मग आठवड्याला. मग परमिट संपलं आणि हातभट्टी सुरू झाली. बाबांचा संसार साऱ्या गावादेखत बिघडला होता आणि गावादेखतच सावरला. काकांचं मात्र आम्ही झाकत गेलो. पाहुणे आले की ‘पोटाचं दुखणं आहे’, लग्नाला नाही आले की ‘शेतात काम निघालं’. काकू कोणाशी बोलायच्या नाहीत. भिल्लवाडीत कोणी प्यायला की आम्ही म्हणायचो, ‘यांना अक्कल नाही.’ माडीवर काका प्यायले की म्हणायचो, ‘त्यांना टेन्शन आहे.’

१९७२ साली मी चौदा वर्षांचा होतो. दुष्काळ पडलेला. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींचं नाव घरोघर पोचलं होतं. भजनं म्हणत गावोगाव फिरणारा भिल्ल समाजातला हा माणूस, लोक त्यांना अंबरसिंग महाराजच म्हणत. त्या वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या जमिनीच्या आणि मजुरीच्या होत्या. पण बायांची शिबिरं भरली तेव्हा त्यांनी वेगळंच मांडलं : मजुरी वाढली तर ती भट्टीत जाईल, आधी भट्टी. मग त्या निघाल्या. काठ्या घेतलेल्या बायांचा जथा गावात शिरायचा, भट्ट्या शोधायचा, मडकी फोडायचा. बायकोला मारणाऱ्याला चौकात उभं करून सगळ्यांसमोर माफी मागायला लावायचा.

आमच्या गावात तो जथा आला ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. पुढं बाबांच्या बायको होत्या, पन्नाशीच्या जवळ आलेल्या. नदीकाठच्या भट्टीवरची मडकी फुटण्याचा आवाज माडीपर्यंत आला. काका खिडकीत उभे होते. त्यांच्या दारूची ती भट्टी. जथा आमच्या घरावरून गेला, क्षणभर थांबला. बाबांच्या बायकोनं वर पाहिलं, काही न बोलता पुढं गेल्या. आमच्या दारात येऊन कोणी जाब विचारणार नव्हतं, कारण ते घर मालकाचं होतं. आज वाटतं, त्या दिवशी त्या जिना चढून वर आल्या असत्या तर काकांची अकरा वर्षं वाचली असती.

१९८३च्या पाडव्याला वडिलांनी ठरवलं, आता बास. काकांना मागच्या खोलीत बंद केलं आणि बाहेरून कुलूप लावलं. तीन दिवस दारू मिळाली नाही की सुटेल, असा सरळ हिशेब. पहिल्या रात्री हात थरथरू लागले, घामानं बिछाना भिजला. दुसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या झटकत होते, भिंतीवर मुंग्या नव्हत्या. तिसऱ्या पहाटे फिट आली. बैलगाडीतून तालुक्याला नेलं. डॉक्टर वडिलांना एवढंच म्हणाले, “तुम्ही यांना मारत होता.”

रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झगडत स्वतःला सतत ताणून धरायला शिकलेला असतो. दारू एकदम काढली की गुंगी जाते आणि ताण तेवढाच राहतो. पहिल्या दिवसात कंप आणि घाम, एक-दोन दिवसांत फिट येण्याचा धोका, दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास आणि बरळणं. यात माणूस दगावू शकतो. डॉक्टर गोळ्या देऊन हा उतार हळू करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. हे काम कुलपाचं नव्हे, एवढं आमच्या शिकलेल्या घराला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं आणखी एक : डाळीत चोरून कालवायच्या गोळ्या. काकूंना कोणीतरी त्या आणून दिल्या होत्या, सुदैवानं त्यांनी वापरल्या नाहीत. त्या औषधावर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या नजरेखाली घेतलं तर ते औषध असतं. चोरून दिलं तर विष ठरू शकतं.

काका घरी आले तेव्हा त्यांच्याकडे कोणी फारसं फिरकलं नाही. घरातला प्रत्येकजण शरमला होता, कोणी त्यांच्या पिण्यानं, कोणी कुलपानं. आले ते बाबा. पासष्टीचे. माडीचा जिना ते आयुष्यात पहिल्यांदा चढले असावेत. खाटेजवळ जमिनीवर बसले, आणि ज्यांच्या घरात जन्मभर ‘अरे’ ऐकलं त्या घराच्या मुलाला म्हणाले, “आप थोडी पेज घ्याल?”

काका भिंतीकडे तोंड करून रडले. बाबा बसून राहिले. बऱ्याच वेळानं स्वतःचंच सांगू लागले : महाराज गेल्यावर एकदा मी पुन्हा प्यायलो. थोरला पोरगा साप चावून गेला तेव्हा दुसऱ्यांदा, सहा महिने. परत आलो तो सोमवारच्या माणसांमुळे. त्यांनी मला ‘का प्यालास?’ विचारलं नाही, ‘येत्या सोमवारी येणार ना?’ विचारलं.

त्या दिवसापासून मी त्यांना बाबा म्हणू लागलो.

मी नाशिकला नोकरीला लागल्यावर काका माझ्याकडे आले. तिथं एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ची सभा भरे. पोरांच्या बाकांवर अवघडून बसलेले दहा-बारा बाप्ये : रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, गवंडी. प्रत्येकजण उठून नाव सांगायचा, मी बेवडा आहे म्हणायचा, आणि गेल्या आठवड्याचं बोलायचा. उपदेश नाही. या संघटनेचा जन्म १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात झाला. तिथं एक शेअर-दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूनं पार बुडालेले, एकमेकांशी बोलत राहिले. आपण दुसऱ्याला सावरत असताना स्वतः पीत नाही, असं त्यांना आढळलं. पहिल्या सभेहून परतताना काका रिक्षात म्हणाले, “ही तर सोमवारची आरतीच आहे रे.”

त्याच सुमारास, १९८६ साली, पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत देऊ केली, आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभारलं. तिथं व्यसनी माणसाला ‘पेशंट’ म्हणजे आजारी धरलं गेलं, आणि त्याच्या बायकोचंही दुखणं ओळखलं गेलं. तिथल्या बायकांच्या गटाचं नाव ‘सहचरी’. काकूंसारख्या किती जणी बंद दारांआड तोंड मिटून बसल्या असतील, हे ते नाव ऐकल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं.

काका दोनदा घसरले. दोन्ही वेळा वर्गातल्या त्या माणसांनी त्यांना पुन्हा बाकावर बसवलं. १९९१ नंतर ते प्यायले नाहीत. २००४ साली हृदयविकारानं गेले. शेवटची वर्षं गावी राहिले, आणि दर सोमवारी संध्याकाळी बाबांच्या झोपडीसमोर खाट टाकून बसत. पिण्याला कंटाळलेलं कोणी ना कोणी तिथं येऊन बसे. पाटलाच्या माडीवरचा माणूस आणि भिल्लवाडीतली पोरं एका चहाच्या किटलीभोवती.

हे सगळं आठवायचं कारण, की आपण अजून कुलूपच शोधतो. केंद्र सरकारसाठी झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं, की देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर अडतीस माणसांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस घरांत ‘पोटाचं दुखणं’ चालू असतं. यांच्याखेरीज कितीतरी असे असतात, जे अजून पूर्ण बुडालेले नाहीत. शनिवारी पितात, सोमवारी कामाला दांडी मारतात, पगार उडवतात. त्यांच्यासाठी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नव्हे, मानसोपचारतज्ज्ञही नव्हे, तर शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक पिणाऱ्यासोबत बसले. अर्धा-पाऊण तास, जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा अशा भेटी झालेल्या शंभरांपैकी छत्तीस जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. ज्यांना केंद्रातली नेहमीचीच सेवा मिळाली, त्यांच्यात हा आकडा सव्वीस होता. अंतर फार मोठं नाही, चमत्कार तर नाहीच. पण एक खाट, एक माणूस आणि चार वेळचं बोलणं, एवढ्यावर शंभरांतले दहा जास्त सावरले.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर रात्री त्याच्याशी भांडू नका, सकाळी बोला. रोज भरपूर पिणारा असेल तर एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टरकडे न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तो फिरवा. तुमच्या गावच्या ‘एए’ सभेची वेळ विचारून ठेवा. आणि त्याच्याशी बोलताना, त्यानं कितीही शरम आणली असली तरी, ‘अरे-तुरे’वर येऊ नका. आमच्या घराला हे कळायला एक अख्खं आयुष्य लागलं, आणि ते शिकवलं त्याच माणसानं, ज्याला आम्ही ‘अरे’ म्हणत होतो.